हत्तीच्या शेवटात निसटणारे डाव

बुद्धिबळात हल्ला झकास, घोड्याचा बळी देताना हात कचरत नाही. पण वजिरावजिरी झाली (दोघांचे वजीर गेले) आणि शेवट, म्हणजे मोजकी मोहरी उरलेला टप्पा, आला की गाडी रुतते. ऑनलाइन रेटिंग २०००च्या वर पोचलेल्या बऱ्याच पोरांचं दुखणं हेच. माझंही होतं.

आधी हरलेले डाव इंजिन (चाली तपासणारा प्रोग्राम) बंद ठेवून तपासले. इंजिन चूक दाखवतं, ती का झाली ते सांगत नाही. घोळ बहुतेक शेवटच्या २० सेकंदांतला. म्हणून ३+० (तीन मिनिटं, वाढीव वेळ नाही) बंद केलं, ३+२ धरलं. चालीमागे २ सेकंद मिळाले तरी शेवट खेळता येतो.

मग लुसेना घोटली, म्हणजे हत्ती आणि एक प्यादं जास्त असताना जिंकायची ठरलेली स्थिती. पांढरा राजा जी८, प्यादं जी७, हत्ती एफ१. काळा राजा ई७, हत्ती एच२. आधी हत्ती ई१ शह. राजा डी७वर सरकला की लगेच आपला राजा काढायचा मोह होतो, तिथंच फसतं: शह संपतच नाहीत. आधी हत्ती ई४. मग राजा एफ७, जी६, एफ६, जी५ असा शह खात उतरतो आणि शेवटच्या शहाला हत्ती जी४वर आडवा.

बचावात फिलिडोर, म्हणजे एक प्यादं कमी असताना बरोबरी साधायची पद्धत: हत्ती आपल्या बाजूनं तिसऱ्या ओळीत दाबून ठेवायचा, प्यादं तिथं उतरलं की पार टोकाला नेऊन मागून शह द्यायचे.

आणि हो, आपल्याकडं लाइटचा भरवसा नाही. वायफाय गेलं तरी घड्याळ पळतंच. रेटेड डावाआधी मोबाइलचा हॉटस्पॉट जोडून घ्या.

उंट-घोड्याचे शेवट अजून कच्चेच आहेत.