विंडोज ११ चं अपडेट अडकलंय? फॉरमॅट मारायच्या आधी एवढं करून बघा

विंडोज १० चा सपोर्ट मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला संपवला. तेव्हापासून कोल्हापुरात राजारामपुरी-शाहूपुरीकडच्या दुरुस्तीच्या दुकानांत एक तक्रार नेहमीची झाली आहे: "अकरा घालायला गेलो आणि मशीन लटकलं." उत्तरही ठरलेलं असतं: "फॉरमॅट मारूया की, संध्याकाळपर्यंत देतो." फॉरमॅटने काम होतं, नाही असं नाही. पण त्यासोबत डेस्कटॉपवर टाकलेले फोटो, टॅलीचा डेटा, छापखान्याचे जुने मराठी फॉन्ट आणि महत्प्रयासाने जमलेला प्रिंटर, सगळंच जातं. आणि बहुतेक वेळा त्याची गरजच नसते. अपडेट अडतं ते चार-पाच ठरावीक कारणांनी, आणि त्यातलं कोणतं ते मशीन स्वतःच सांगतं.

ते सांगतं एका कोडमध्ये. अपडेट फसलं की पडद्यावर शून्य आणि एक्सने सुरू होणारा एक लांबलचक आकडा येतो. आपण वैतागून तो बंद करतो. तसं करू नका, मोबाईलवर त्याचा फोटो काढा. बंद केला असेल तर सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेटच्या पानावर अपडेट हिस्टरी उघडा, तिथे तो पुन्हा सापडतो. सुरुवातीचं शून्य-एक्स सगळ्यांना सारखंच असतं, पुढचे आकडे महत्त्वाचे. ते खाली जागोजागी येतील.

हात लावण्याआधी

बॅकअप घ्या. हे सगळेच सांगतात आणि कुणीच करत नाही, म्हणून नेमकं सांगतो: डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि डाउनलोड्स हे तीन फोल्डर, टॅलीचा डेटा फोल्डर, आणि डीटीपीचं (छपाईसाठी मजकूर मांडायचं) काम असेल तर फॉन्टचा अख्खा फोल्डर बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा. नीट झालेल्या अपडेटमध्ये यातलं काहीच जात नाही. पण शेवटी फॉरमॅटवरच वेळ आली, तर हीच कॉपी कामाला येते.

दुसरी गोष्ट बिटलॉकरच्या, म्हणजे डिस्क कुलूपबंद करणाऱ्या विंडोजच्या सोयीच्या, किल्लीची. अलीकडच्या बऱ्याच लॅपटॉपवर, मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं की डिस्क आपोआप कुलूपबंद होते आणि मालकाला पत्ताही नसतो. पुढे बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मशीनच्या मूळ सेटिंग्जमध्ये) काही बदललं की मशीन निळ्या पडद्यावर ४८ आकडी रिकव्हरी की मागतं. ती मायक्रोसॉफ्ट खात्याच्या वेबसाइटवर, डिव्हाइसच्या माहितीत मिळते. घोळ इथे होतो की लॅपटॉप विकत घेताना दुकानातल्या पोराने घाईत स्वतःच्याच ईमेलने खातं उघडून दिलेलं असतं, म्हणजे किल्ली त्याच्याकडे. सेटिंग्जमध्ये अकाउंट्स उघडून कोणाचा ईमेल दिसतो ते आजच बघा. आपला नसेल तर आधी ते निस्तरा, आणि किल्ली कागदावर लिहून ठेवा.

तिसरी गोष्ट वीज. वळवाच्या दिवसांत दुपारनंतर ढग भरून आले की अपडेट सुरू करू नका. लॅपटॉप पूर्ण चार्ज करून चार्जर लावूनच ठेवा. डेस्कटॉपला यूपीएस हवाच. घरात इन्व्हर्टर आहे म्हणून निर्धास्त राहू नका. लाईट गेल्यावर इन्व्हर्टर सुरू होईपर्यंतच्या त्या निमिषात डेस्कटॉप रिस्टार्ट होऊ शकतो. इन्व्हर्टरला यूपीएस मोडचं बटण असेल तर ते चालू करा.

मशीन पात्र आहे का?

कोडच्या शेवटी सी १९००२०० असेल, किंवा 'हा पीसी विंडोज ११ चालवू शकत नाही' असा संदेश येत असेल, तर अडचण अपडेटची नाही, मशीनची आहे. मायक्रोसॉफ्टचं 'पीसी हेल्थ चेक' हे फुकट ॲप टाका, ते नेमकं काय कमी आहे ते सांगतं. किमान ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी डिस्क लागते, पण अडतं ते बहुधा प्रोसेसर, टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या सांभाळणारी सोय) आणि सिक्युअर बूट (सुरू होताना खात्रीचंच सॉफ्टवेअर चालू देणारी सेटिंग) या तिघांवर.

प्रोसेसर ओळखणं सोपं आहे. लॅपटॉपवर आय५-७२००यू असं लिहिलं असेल तर ७ म्हणजे सातवी पिढी. आय५-८२५०यू असेल तर आठवी, १०२१०यू म्हणजे दहावी. इंटेलची साधारण आठव्या पिढीपासून पुढची मशीन चालतात, एएमडीमध्ये साधारण रायझन २००० मालिकेपासून पुढची. प्रोसेसरच जुना असेल तर पुढचं वाचून उपयोग नाही. आडवाटेने अकरा बसवायच्या युक्त्या आहेत, पण अशा मशीनला पुढे अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. ज्या कॉम्प्युटरवर बिलं होतात आणि बँकेचे व्यवहार चालतात, तिथे मी तरी हा उद्योग करणार नाही. त्यापेक्षा विंडोज १० साठीची वाढीव सुरक्षा अपडेट योजना घ्या. घरगुती वापरासाठी ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची आहे, आणि मायक्रोसॉफ्ट खात्यात सेटिंग्ज सिंक केल्या तर पैसेही पडत नाहीत.

टीपीएम मात्र पुष्कळदा मशीनमध्ये असतो, फक्त बंद असतो. असेंबल केलेल्या डेस्कटॉपवर तर हमखास. विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा, टीपीएम, डॉट, एमएससी असं सलग टाइप करून एंटर मारा. उघडलेल्या खिडकीत आवृत्ती २.० दिसली की झालं. 'सापडत नाही' म्हणाला तर बायोसमध्ये जा: मशीन सुरू होताना डिलीट, एफ२ किंवा एफ१० दाबत राहायचं, कंपनीप्रमाणे बटण बदलतं. इंटेलच्या मशीनवर पीटीटी आणि एएमडीवर एफटीपीएम या नावाने तो सापडेल, तो चालू करा. शेजारी 'क्लिअर टीपीएम' असा पर्याय दिसतो, त्याला हात लावू नका.

सिक्युअर बूटला एक मेख आहे. पुन्हा विंडोज आणि आर दाबून एमएसइन्फो३२ टाइप करा आणि बायोस मोड या ओळीत काय आहे ते बघा. 'यूईएफआय' असेल तर बायोसमध्ये सिक्युअर बूट चालू करता येतं. 'लेगसी' असेल तर नुसती सेटिंग बदलू नका, मशीन सुरूच होणार नाही. आधी डिस्कची मांडणी एमबीआर या जुन्या पद्धतीवरून जीपीटी या नव्या पद्धतीवर न्यावी लागते. त्यासाठी विंडोजमध्येच एमबीआर२जीपीटी नावाचं साधन आहे आणि त्याने डेटा जात नाही. पण हे काम पहिल्यांदाच करत असाल तर जाणकाराला शेजारी बसवा.

जागा आणि नेट

८००७००७० म्हणजे सी ड्राइव्हमध्ये जागा नाही. किमान ३० जीबी मोकळी असू द्या. सेटिंग्ज, सिस्टीम, स्टोरेज, टेंपररी फाइल्स या वाटेने जा आणि नको ते काढून टाका. त्या यादीत डाउनलोड्सचाही चौकोन असतो, तो न बघता टिक केलात तर व्हॉट्सॲप वेबवरून उतरवलेली सगळी बिलं आणि पीडीएफ क्षणात जातील. जागा कमीच पडत असेल तर मोठे व्हिडिओ डी ड्राइव्हला किंवा बाहेरच्या डिस्कवर हलवा.

नेटचं म्हणाल तर मोबाईलच्या हॉटस्पॉटवर हे काम करू नका. डाउनलोड कित्येक जीबीचं, आणि रोजचा दीड-दोन जीबी डेटा संपला की वेग गोगलगाईचा होतो. शिवाय ते कनेक्शन 'मीटर्ड' (डेटा मोजूनमापून वापरायचं) म्हणून नोंदलेलं असेल तर विंडोज मोठी अपडेट उतरवायचं टाळतंच. ज्याच्या घरी फायबर आहे त्याच्याकडे लॅपटॉप घेऊन जा.

८००७०४२२ हा कोड आला तर अपडेटची सेवाच बंद आहे. 'सारखं अपडेट मागतंय' म्हणून कधीतरी कुणीतरी ती बंद करून दिलेली असते. विंडोज आणि आर, मग सर्व्हिसेस, डॉट, एमएससी. यादीत विंडोज अपडेट शोधा, त्यावर दोनदा क्लिक करून स्टार्टअप टाइप 'मॅन्युअल' करा आणि स्टार्ट दाबा. अपडेट अडवणारं वेगळं सॉफ्टवेअर टाकलेलं असेल तर तेही काढावं लागेल, नाहीतर ते सेवा पुन्हा बंद करतं.

टक्क्यावर अडकलं तर

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं, आणि ते करतो आपणच. पडद्यावर ठिपके फिरतायत, आकडा तासभर हललेला नाही, म्हणून पॉवरचं बटण दाबून धरलं जातं. जुनी फिरती हार्ड डिस्क असेल तर एकाच टक्क्यावर तास-दोन तास जाणं नवल नाही. मशीनवरचा डिस्कचा लहान दिवा बघा. तो लुकलुकत असेल तर आत काम चालू आहे, तुम्ही जेवून या. रात्रभर ठेवूनही आकडा जागचा हलला नाही आणि दिवाही थंड असेल, तरच प्रिंटर-पेनड्राईव्ह काढून पॉवर बटण दहा सेकंद दाबा. पुन्हा सुरू केल्यावर विंडोज बहुधा केलेले बदल मागे घेतं आणि जुनं दहा परत आणतं. हे मागे जाणंही सावकाश चालतं, त्यातही लुडबुड नको.

मागे येऊन कोड सी १९००१०१ ने सुरू झाला तर संशयित ड्राइव्हर, म्हणजे मशीनचा एखादा भाग चालवणारं छोटं सॉफ्टवेअर. या क्रमाने जा:

१. माउस, कीबोर्ड आणि एक मॉनिटर सोडून बाकी सगळं उपटा: प्रिंटर, स्कॅनर, यूएसबी हब, दुसरा मॉनिटर, बायोमेट्रिक मशीन. जुन्या मराठी टायपिंग किंवा डिझाइनच्या सॉफ्टवेअरचं डोंगलसुद्धा (यूएसबीत खोचायची लायसन्सची किल्ली).

२. बाहेरचा अँटिव्हायरस अनइन्स्टॉल करा, नुसता बंद करून भागत नाही. लायसन्सचा नंबर आधी लिहून घ्या. तोवर विंडोजचा स्वतःचा डिफेंडर पहारा देतो.

३. लॅपटॉपच्या कंपनीच्या वेबसाइटवरून तुमच्या नेमक्या मॉडेलचे ग्राफिक्स, वायफाय आणि चिपसेटचे ड्राइव्हर घ्या. 'ड्राइव्हर बूस्टर' छापाची सॉफ्टवेअर घेऊ नका, ती नवा घोळ घालतात.

४. मग पुन्हा अपडेट चालवा.

एवढ्यावर बरीच मशीन मार्गी लागतात. नाहीच लागलं तर मायक्रोसॉफ्टचं सेटअपडायग हे साधन चालवा, ते अपडेटच्या नोंदी वाचून कोणत्या ड्राइव्हरने घात केला ते सांगतं. (या नोंदींच्या फोल्डरचं नाव 'पँथर' आहे, व्हायरस नव्हे. डिलीट करू नका.)

सी १९००२०८ असेल तर एखादं जुनं सॉफ्टवेअर आडवं येतंय. ते काढा, अपडेट करा, मग त्याची नवी आवृत्ती टाका. इथे उद्यमनगरातल्या वर्कशॉपवाल्यांसाठी वेगळा सल्ला: सीएनसी मशीनला जोडलेला जुना पीसी चालतोय तर त्याला अपडेटच करू नका. त्याचं सॉफ्टवेअर अकरावर चालेल का, हे मशीन देणाऱ्याला विचारल्याशिवाय तर नाहीच. त्याचं नेट काढून ठेवा. हिशेबाला आणि ईमेलला दुसरा पीसी वापरा.

फाइलच खराब असेल तर

८००७३७१२ म्हणजे विंडोजच्या फाइली गहाळ किंवा बिघडलेल्या. स्टार्टमध्ये सीएमडी शोधा, उजवं क्लिक करून 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' घ्या. आधी डीआयएसएम, मग एकेक जागा सोडून तिरक्या रेघेसह (/) ऑनलाइन, क्लीनअप-इमेज आणि रिस्टोअरहेल्थ हे तीन शब्द इंग्रजीत टाइप करा. ते संपलं की एसएफसी, जागा, तिरकी रेघ आणि स्कॅननाऊ. दोन्हीला वेळ लागतो, मध्ये खिडकी बंद करू नका.

तरीही हटून बसलं तर विंडोज अपडेटचा नाद सोडा आणि आयएसओने, म्हणजे अख्खं विंडोज असलेल्या एकाच मोठ्या फाइलने, बसवा. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून विंडोज ११ ची आयएसओ फाइल घ्या, दोनदा क्लिक करून उघडा, आतलं सेटअप चालवा आणि 'फाइल्स आणि ॲप्स ठेवा' हाच पर्याय निवडला आहे ना ते शेवटच्या पानावर तपासा. मित्राकडून फाइल पेनड्राईव्हवर आणायची असेल तर 'फाइल फार मोठी आहे' असा संदेश येईल, पेनड्राईव्हमध्ये जागा असूनही. कारण पेनड्राईव्ह फॅट३२ मध्ये असतो आणि त्यात ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल मावत नाही. पेनड्राईव्ह रिकामा करून एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा. एवढा फॉरमॅट चालेल.

अकरा बसलं, आता?

पहिले एक-दोन दिवस मशीन जड वाटेल, आतली जुळवाजुळव चालू असते. वायफाय किंवा आवाज गेला असेल तर कंपनीच्या साइटवरून ड्राइव्हर घ्या. प्रिंटर काढून पुन्हा जोडा. लग्नपत्रिकांचं काम असेल तर गिऱ्हाईक समोर बसायच्या आत एक जुनी फाइल उघडून जोडाक्षरं नीट छापतायत का ते बघा.

काहीच जमत नसेल तर १० दिवसांच्या आत सेटिंग्ज, सिस्टीम, रिकव्हरीमध्ये 'गो बॅक' करून दहावर परतता येतं. तोवर सी ड्राइव्हमधला 'विंडोज डॉट ओल्ड' फोल्डर आणि स्टोरेजच्या यादीतली 'प्रीव्हियस विंडोज इन्स्टॉलेशन' ही नोंद तशीच राहू द्या. दहा दिवस कामकाज सुरळीत चाललं की ती काढून टाका, पुष्कळ जीबी जागा परत मिळते.