पिंपल्स नेमके कशामुळे येतायत, हे कसं शोधायचं?

सोमवारी नवं सीरम लावलं आणि बुधवारी हनुवटीवर फोड आला, की सीरमला दोष देऊन आपण मोकळे होतो. पण तेल आणि मृत पेशी रंध्रात अडकल्यापासून त्याचा फोड दिसेपर्यंत बरेचदा काही आठवडे जातात. म्हणून आधी आठवायचं ते महिना-दोन महिन्यांपूर्वी काय सुरू केलं ते. एक-दोन दिवसांतच खाज, आग, लाली आली असेल तर ते पिंपल नसून ॲलर्जी किंवा जळजळ असण्याची शक्यता जास्त. ती वस्तू तिथल्या तिथे बंद करा.

मग यादी करा. बाथरूममधल्या बाटल्या सगळ्यांना आठवतात, केसांचं तेल मात्र राहून जातं. रात्री डोक्याला चोपडलेलं खोबरेल कपाळावर उतरतं, उशीच्या अभ्र्याला लागतं आणि तिथून गालाला. केसांच्या कडेने आणि कानशिलांजवळ बारीक पुटकुळ्या असतील, तर फेसवॉश बदलण्याआधी तेल बदलून बघा. कंडिशनर, दाढीचं बाम, हेल्मेटचा पट्टा हेही यादीत घ्या. पाळीची तारीखही लिहा. पाळीच्या आधीच्या आठवड्यात अनेकींना हमखास पिंपल्स येतात.

कपाळावरच्या पुटकुळ्या सगळ्या एकसारख्या आणि खाजणाऱ्या असतील, तर बुरशीचा संशय घ्यावा. त्यावर पिंपल्सची नेहमीची औषधं चालत नाहीत, डॉक्टरांना दाखवा.

ॲडापलीन, ट्रेटिनॉइन (दोन्ही पिंपल्सवरची लावायची औषधं), सॅलिसिलिक किंवा ग्लायकॉलिक ॲसिड सुरू केलं असेल तर आत दबलेले पिंपल्स आधी वर येऊ शकतात. ते सहसा नेहमीच्याच जागी येतात आणि चार ते आठ आठवड्यांत ओसरतात. मॉइश्चरायझर किंवा सनस्क्रीनच्या बाबतीत मात्र ‘घाण बाहेर पडतेय’ हे कुणी सांगितलं तर ऐकू नका.

आता खरी चाचणी. सौम्य फेसवॉश, एक साधं मॉइश्चरायझर, एक सनस्क्रीन, बाकी सगळं चार ते सहा आठवडे कपाटात. (डॉक्टरांनी दिलेलं औषध त्यांना विचारल्याशिवाय थांबवायचं नाही.) दर रविवारी त्याच खिडकीपाशी, त्याच वेळी फोटो काढा, आरशावर भिस्त ठेवू नका. चेहरा निवळला, की एकेक वस्तू परत आणा. दोन वस्तूंमध्ये तीन-चार आठवड्यांचं अंतर हवंच. संशयित वस्तू आधी जबड्याच्या एकाच बाजूला लावा, म्हणजे दुसऱ्या बाजूशी तुलना करता येते. कोपराच्या आतल्या बाजूला आठवडाभर लावून ॲलर्जी कळेल, पिंपल्सचं काही कळणार नाही.

डबीवरच्या ‘नॉन-कॉमेडोजेनिक’ (म्हणजे रंध्रं न बुजवणारं) शब्दावर फार विसंबू नका. क्लिगमन आणि मिल्स या त्वचा-संशोधकांनी १९७२ मध्ये सौंदर्यप्रसाधनांमुळे येणाऱ्या पिंपल्सवर लिहिलं, तेव्हा एखादी वस्तू रंध्रं बुजवते का याच्या चाचण्या सशाच्या कानावर होत. तो कान माणसाच्या चेहऱ्यापेक्षा कितीतरी संवेदनशील.

एका बाबतीत हा प्रयोग घरी करायचाच नाही. केमिस्टकडून परस्पर आणलेल्या गोरेपणाच्या ट्यूबवर बेटामेथासोन, क्लोबेटासोल किंवा मोमेटासोन लिहिलंय का बघा. ही स्टेरॉइड्स. दीर्घकाळ लावून अचानक बंद केली की चेहरा लाल होऊन पुरळ उसळतं, आणि माणूस ‘क्रीम चांगलंच होतं’ म्हणून पुन्हा तेच लावतो. ती ट्यूब घेऊन सरळ त्वचारोगतज्ज्ञांकडे जा.