सोमाली इतिहास फळ्यावर कसा शिकवावा

आधी निळ्या खडूनं सोमालियाचा झेंडा रंगवा, मधोमध पांढरा पाच टोकांचा तारा. आमच्या उमरखेडकडच्या पोट्ट्यांना नुसत्या सनावळ्या सांगितल्या की जांभया देतात, म्हणून टोकांनाच नावं द्या: ब्रिटिश सोमालीलँड, इटालियन सोमालिया, फ्रेंचांचं जिबुती, इथिओपियातलं ओगादेन, केनियाचा ईशान्य भाग. लोक एकच, वाटण्या पाच.

मग हाउदवर रेंगाळा, घाई करू नका. हा ब्रिटिश सोमालीलँडच्या दक्षिणेकडचा, सोमालींच्या उंटा-मेंढ्यांचा चराईचा पट्टा. १८९७ च्या करारात इंग्रजांनी त्याचा मोठा भाग परस्पर इथिओपियाला सोडला. सोमालींना विचारतो कोण! इथं थांबून विचारा, पैनगंगेपलीकडं चरायला गेलेली आपली गुरं उद्या परदेशात निघाली तर? गुराख्याचं पोरगं, एरवी मागच्या बाकावर गप्प बसणारं, सर्वांत आधी बोलतं.

१९६० पटकन उरका: २६ जूनला ब्रिटिश भाग स्वतंत्र, १ जुलैला इटालियन भागाशी एकत्र. बाकीची तीन टोकं बाहेरच. ओगादेनसाठी १९७७-७८ मध्ये युद्ध झालं, सोमालिया हरला. जिबुती १९७७ मध्ये वेगळा देश झाला. १९९१ मध्ये सोमालीलँडनं जुन्या ब्रिटिश हद्दीवरच स्वातंत्र्य जाहीर केलं. ती रेघ लाल खडूनं काढा.

गृहपाठाला उत्तरं नकोत, नकाशा मागा.