एनजीस्पाइसमध्ये सिम्युलेशन अडकलं? आधी या चुका टाळा

एनजीस्पाइस म्हणजे सर्किट कसं चालेल हे कॉम्प्युटरवर गणित करून दाखवणारा प्रोग्राम. त्यात सिम्युलेशन अडकलं की लगेच रेलटॉल (उत्तरात किती चूक चालेल याची मर्यादा) वाढवायचा, कुठूनतरी सेटिंग्जची म्हणजे ऑप्शनची ओळ उचलून चिकटवायची, असं बरेच जण करतात. प्लीज नका करू. घोळ बहुतेक वेळा नेटलिस्टमध्येच, म्हणजे सर्किटचे भाग आणि त्यांच्या जोडण्या लिहिलेल्या फाइलमध्येच असतो. सर्किटचं चित्र काढायला आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पाचं ईसिम वापरा नाहीतर कायकॅड, चित्र कितीही छान काढलं तरी एनजीस्पाइसकडे जाते ती नेटलिस्टच, म्हणून आधी ती उघडून वाचा.

सगळ्यात जास्त फसवतो तो आकड्यामागचा एम. एनजीस्पाइस कॅपिटल-स्मॉल बघत नाही, त्यामुळे १ मेगाओहम म्हणून १एम लिहिलं की तो १ मिलिओहम होतो, आणि एरर काहीच येत नाही, फक्त उत्तर चुकतं. मेगासाठी एमईजी लिहायचं. कपॅसिटरला १एफ लिहिलं तर ते १ फेमटोफॅरड! १०यूएफ मात्र चालतं, कारण यू वाचल्यावर पुढचं अक्षर तो सोडून देतो.

फाइलची पहिली ओळ टायटल असते, तिथे रेझिस्टर लिहिलात तर तो सर्किटमध्ये येतच नाही.

आता सिंग्युलर मॅट्रिक्स ही एरर, म्हणजे समीकरणांना एकच असं उत्तर मिळत नाही. प्रत्येक नोडसाठी करंटचं एक समीकरण बनतं आणि ती सगळी एकत्र सोडवली जातात, पण डीसीला कपॅसिटर म्हणजे ओपन, मग सिरीजमधल्या दोन कपॅसिटरच्या मधल्या नोडचं व्होल्टेज ठरणार कशावरून? तिथून ग्राउंडला १ गिगाओहमचा रेझिस्टर लावा, काम होतं. आणि ग्राउंड नोडचं नाव ० आहे ना, तेही बघा.

टाइमस्टेप टू स्मॉल ही एरर आली तर मॉडेल, म्हणजे भागाच्या गुणधर्मांचे आकडे, तपासा. डायोडला आरएस (सिरीज रेझिस्टन्स) आणि सीजेओ (जंक्शनची कपॅसिटन्स) दिले नाहीत तर दोन्ही शून्य धरले जातात, असा आदर्श डायोड झटक्यात बंद-चालू होतो आणि अंदाज सुधारत उत्तर शोधणाऱ्या न्यूटन-रॅफसन पद्धतीला उत्तर सापडेना की वेळेची स्टेप लहान लहान होत जाते. खऱ्या डायोडच्या किमती भरा, रेलटॉलला त्यानंतरच हात लावा.

स्वतःचं मॉडेल जोडायचं असेल तर आता सी कोडमध्ये शिरायची गरज उरली नाही, ही मला फार मोठी गोष्ट वाटते. व्हेरिलॉग-ए या मॉडेल लिहायच्या भाषेत लिहा, ओपनव्हीएएफ या कंपायलरने त्याची एनजीस्पाइसला लोड करता येईल अशी ओएसडीआय फाइल बनवा. इथे चूक होते ती लोड करताना, कंट्रोल ब्लॉकमध्ये (नेटलिस्टमधला कमांडचा भाग) नुसती ओएसडीआय ही कमांड लिहिली तर तोवर नेटलिस्ट वाचून झालेली असते आणि मॉडेल सापडत नाही, म्हणून प्री-अंडरस्कोर-ओएसडीआय वापरा, आणि डिव्हाइसचं नाव एन अक्षराने सुरू करा.