स्क्रॅमजेटचा प्राथमिक आराखडा : आधी हिशेब, मग ज्वाला

प्रकल्पाच्या मार्गदर्शनासाठी ऐरोलीला माझ्याकडे येणारे अंतिम वर्षाचे विद्यार्थी स्क्रॅमजेटची (आतली हवा आवाजाहून वेगाने वाहत असतानाच इंधन जाळणाऱ्या इंजिनाची) सुरुवात हमखास ज्वलनकक्षापासून करतात, कारण संगणकावर ज्वालेचे रंगीत चित्र लवकर मिळते. पहिला आठवडा कागद आणि कॅल्क्युलेटर यांवरच काढावा, असा माझा आग्रह असतो.

प्रथम उड्डाणमार्ग ठरवावा. हवेतला प्राणवायू वापरणाऱ्या या इंजिनाला फार दाट हवा सोसत नाही आणि फार विरळ पुरत नाही. म्हणून गतिक दाब, म्हणजे वेगामुळे पडणारा हवेचा दाब, सुमारे ५० किलोपास्कल धरून वेगाबरोबर उंची वाढवत नेतात. या हिशेबाने मॅक ६ला (आवाजाच्या सहापट वेगाला) साधारण २६-२७ किलोमीटर, तर मॅक १२ला ३६ किलोमीटर उंची येते. मॅक ६ म्हणजे सेकंदाला १.८ किलोमीटर, ठाण्याहून वाशीला जायला लोकलला अर्धा तास लागतो, ते अंतर दहा-अकरा सेकंदांत संपते.

आता ऊर्जेचा ताळेबंद कोष्टकात मांडावा, आणि इथे घाई करू नये. मॅक ६ला प्रत्येक किलो हवेची गतिज ऊर्जा सुमारे १.६ मेगाज्यूल असते, तर तेवढ्या हवेत हायड्रोजन पूर्ण जाळून सुमारे ३.५ मेगाज्यूल मिळतात. मॅक १२ला गतिज ऊर्जा ७ मेगाज्यूलच्या आसपास जाते, पण ज्वलनाची उष्णता तेवढीच राहते. म्हणजे हवा आत घेणाऱ्या आदानमार्गात किंवा वायू बाहेर सोडणाऱ्या नोझलमध्ये शेकडा चार-पाच टक्क्यांची हानी वाढली, तरी निव्वळ रेट्यातला मोठा वाटा नाहीसा होतो. पुढच्या वेगासाठी रॉकेटकडे सूत्रे केव्हा सोपवायची, हे याच कोष्टकावरून ठरवावे. पृथ्वीभोवतीच्या कक्षेसाठी सेकंदाला सुमारे ७.८ किलोमीटर वेग लागतो आणि तो सगळा स्क्रॅमजेटकडून मिळवण्याचा हट्ट मला तरी व्यवहार्य वाटत नाही.

आदानमार्ग आखताना विमानाचा पुढचा तळ हाच त्याचा पहिला भाग समजावा, कारण तिथले तिरपे आघाततरंग, म्हणजे दाब एकदम चढवणाऱ्या लाटाच, हवा दाबतात. कक्षाच्या तोंडाशी मॅक अंक उड्डाणाच्या साधारण एक-तृतीयांशावर यावा. हवा स्वनाच्या (आवाजाच्या) वेगाखाली आणली, तर ती इतकी तापते की वाढत्या वेगाबरोबर इंधनाची अधिकाधिक उष्णता रेणू फुटण्यातच खर्ची पडते.

कक्षाआधी आयसोलेटर, म्हणजे जवळपास समान छेदाची नळी, आवश्यक आहे. स्वनातीत प्रवाहाला उष्णता दिली की त्याचा मॅक अंक १कडे घसरतो. इंधन जास्त झाले तर प्रवाह कोंडतो, दाब मागे सरकतो आणि आदानमार्ग बंद पडतो. अमेरिकेच्या एक्स-५१ए या स्क्रॅमजेट चाचणीयानाचे २०११मधील उड्डाण असेच फसले. २०१३मध्ये मात्र त्याच मालिकेतले इंजिन सुमारे २१० सेकंद चालले. प्रवाह कोंडू नये म्हणूनच कक्षही पुढे रुंदावत नेतात.

एक मीटरच्या कक्षात हवा मिलिसेकंदभरही टिकत नाही. तेवढ्यात इंधन मिसळून पेटायचे, म्हणून भिंतीत खाच ठेवतात. तिच्यातला संथ भोवरा ज्वाला धरून ठेवतो. हायड्रोजन चटकन पेटतो, पण द्रवरूपातही तेवढ्याच ऊर्जेसाठी केरोसीनच्या सुमारे चौपट आकारमानाची टाकी मागतो. इस्रोने २८ ऑगस्ट २०१६ रोजी हायड्रोजनवर सुमारे पाच सेकंद ज्वलन साधले. डीआरडीओच्या सप्टेंबर २०२०च्या उड्डाणात केरोसीन वापरून वीस सेकंदांहून अधिक.

पाच सेकंदांना धातूची उष्णताधारकता पुरू शकते. मिनिटांसाठी इंधनच आधी भिंतीतल्या नळ्यांतून फिरवावे लागते. म्हणून भिंती थंड ठेवायला लागणारे इंधन ज्वलनाच्या इंधनापेक्षा जास्त भरते का, हे कोष्टकात शेवटचा रकाना करून तपासावे. भरत असेल, तर कक्षाला हात न लावता उड्डाणमार्गाकडे परत यावे.