ड्रॉपडाउनवर घालवलेले ११ दिवस

प्रोग्रामर म्हणून माझं पहिलं काम लातूरच्या मार्केट यार्डातल्या एका आडत दुकानासाठी ब्राउझरमध्ये चालणारं सॉफ्टवेअर करायचं. शेतकऱ्याचं नाव, गाव, माल, कट्टे, वजन, भाव, हमाली, तोलाई भरायची आणि पट्टी, म्हणजे शेतकऱ्याला द्यायचा विक्रीचा हिशेब, छापायची. रिअ‍ॅक्ट हे वेबपानं बांधायचं साधन नुकतंच शिकलो होतो. तयार लायब्ररी (दुसऱ्यांनी लिहून ठेवलेला कोड) वापरली तर शिकणं होत नाही असं वाटायचं, म्हणून सगळे कंपोनंट, म्हणजे बटण, रकाना असे पानाचे भाग, स्वतःच लिहायला घेतले.

गाव निवडायच्या ड्रॉपडाउनवर, म्हणजे रकान्याखाली उघडणाऱ्या यादीवर, ११ दिवस गेले. दिसायला देखणा झाला. सोयाबीनचा हंगाम होता, बाहेर कट्ट्यांची थप्पी लागलेली. मुनीमजींनी 'औ' टाइप केलं, खालचा बाण दाबला. काही हललं नाही. टॅब दाबला, तर कर्सर पुढच्या रकान्यात गेला आणि यादी तशीच उघडी. "दादा, एका हातात तोलाईची चिठ्ठी असते. माउस कुठल्या हातानं धरू?" त्या दिवशीच्या पट्ट्या त्यांनी हातानं लिहिल्या. ओट्यावर शेतकरी ताटकळत बसलेले होते, ते अजून डोळ्यांसमोर आहे.

ड्रॉपडाउन म्हणजे नुसती यादी नव्हे. बाण, टॅब, एस्केप, फोकस (कीबोर्ड आत्ता कुठे काम करतोय), स्क्रीन रीडर, म्हणजे न दिसणाऱ्यांना पडदा वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, काय बोलतं, शिवाय मराठी टाइप करताना अक्षर जुळायच्या आतच दाबला गेलेला एंटर, एवढं सगळं त्याला सांभाळावं लागतं. जाणत्या लोकांनी वर्षानुवर्षं घासूनपुसून केलेलं हे काम आहे. अडोबीची रिअ‍ॅक्ट एरिया किंवा रॅडिक्स अशा लायब्ऱ्यांचे मूळ कंपोनंट फक्त वागणूक देतात, रंगरूप आपण चढवायचं. रिअ‍ॅक्ट एरियाचा कॉम्बोबॉक्स, म्हणजे टाइप करून निवडायची यादी, माझ्याकडे दीड दिवसात बसला. साध्या डायलॉगला, म्हणजे पानावर उघडणाऱ्या छोट्या चौकटीला, तर लायब्ररीही लागत नाही. ब्राउझरचा स्वतःचा डायलॉग टॅग २०२२ पासून सगळ्या प्रमुख ब्राउझरांत चालतो.

मग सगळंच तयार घ्यावं का? पुढच्या कामात मी तेही करून पाहिलं. बटणावरच्या 'जमा करा'त शिरोरेषेला अक्षराअक्षरामध्ये बारीक फट दिसायला लागली. त्या लायब्ररीच्या बटणांत लेटर-स्पेसिंग (अक्षरांमधलं जादा अंतर) आधीच घातलेलं होतं. इंग्रजीत ते खपून जातं, देवनागरीत शब्द तुटतो. टाइप करायच्या रकान्याची लाइन-हाइट (ओळीची उंची) ही कमी, त्यामुळे रफार वरून कापला जायचा. दोन्ही गोष्टी थीममध्ये (रंगरूपाच्या सेटिंगमध्ये) दुरुस्त झाल्या, पण लायब्ररी आतून कशी चालते हे वाचल्यावरच.

पट्टी मात्र कुठल्याच लायब्ररीत मिळत नाही. मुनीमजींच्या वहीशेजारी बसून मी रकान्यांचा क्रम जसाच्या तसा उतरवला: कट्टे, वजन, भाव, मग कपाती. आकडे ब्राउझरच देतो; लोकेल (भाषा-देशाचा कोड) 'एमआर-आयएन', म्हणजे मराठी-भारत, सांगितलं की रक्कम १,२५,४०० अशी छापली जाते. माझे खरे कष्ट इथे लागायला हवे होते, ड्रॉपडाउनवर नाही. नव्याने शिकणाऱ्यांनी ड्रॉपडाउन हातानं लिहून जरूर पाहावा, त्यातून खूप कळतं. पण तो सरावाच्या फोल्डरात ठेवावा, गिऱ्हाइकाच्या दुकानात नको.

आता लायब्ररी निवडताना मी आधी तिचं डेमो पान उघडतो, माउस बाजूला सारतो आणि मराठी कीबोर्ड लावून 'कृष्णा', 'दुर्गा', 'ज्ञानेश्वर' टाइप करतो. नावं नीट दिसली आणि टॅब-एंटरवर काम झालं, तरच ती इन्स्टॉल करतो.