पाड्यावरचा सोलर: हिशेब जुलैचा धरा

शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर वीज पोचली तरी पहिल्या वादळात फांदी पडते आणि तार तुटते. म्हणून घराला स्वतःचा छोटा सोलर हवा. तो बहुतेकदा फसतो तो हिशेबात.

आधी रोजचा वापर मांडा. 5 वॅटचे 3 एलईडी 5 तास म्हणजे 75 वॅट-तास. 15 वॅटचा डीसी पंखा 6 तास, 90. दोन मोबाइल, 20. एकूण 185. मे महिन्यात पूर्ण उन्हाचे सहा तास मिळतात, त्यावर 50 वॅटचं पॅनेल पुरेसं दिसतं. विकणाराही तेच गळ्यात मारतो. जुलैत मात्र तीनच तास धरा आणि 35 टक्के गळती वजा करा: 100 वॅट × 3 × 0.65 = 195. म्हणजे 100 वॅटच घ्या.

बॅटरी 12.8 व्होल्ट, 30 अँपिअर-तासांची लिथियम आयर्न फॉस्फेट. ऊनच पडलं नाही तर दुसऱ्या रात्री दिवे चालतील, पंखा बंद ठेवावा लागेल. पॅनेलमधून बॅटरीत जाणारी वीज सांभाळणारा चार्ज कंट्रोलर 10 अँपिअरचा पुरतो, पण त्यावर बॅटरीचा प्रकार लिथियम निवडलाय ना, ते बघाच.

कारवीच्या कुडावर किंवा कौलांवर पॅनेल चढवू नका. अंगणात दोन इंची जीआय पाइप अडीच फूट खोल काँक्रीटमध्ये रोवा. तोंड दक्षिणेला, उतार 20 अंश. आंब्याची एक फांदी कोपऱ्यावर सावली टाकत असेल तरी निम्मं उत्पादन जातं, तेव्हा जागा सकाळी आणि दुपारी दोन्ही वेळा पाहून ठरवा. घरापर्यंतची तार तांब्याची, 4 चौरस मिमी.

जोडणीचा क्रम: आधी बॅटरी, मग पॅनेल, शेवटी दिवे. काढताना उलट. पॅनेल आधी जोडलं तर कंट्रोलरला बॅटरीचा व्होल्टेज कळत नाही आणि तो जळू शकतो. बॅटरीच्या प्लसजवळच 15 अँपिअरचा फ्यूज घाला. तो उडाला तर त्या जागी साधी तार गुंडाळायची नाही, आधी शॉर्ट कुठे आहे ते शोधायचं.

दिवाळीनंतर बरीच कातकरी कुटुंबं वीटभट्टीवर जातात, घर पावसाळ्यापर्यंत बंद. अशा वेळी लिथियम बॅटरी अर्धी भरलेली ठेवून, आधी पॅनेल आणि मग बॅटरी सोडवून, थंड कोरड्या जागी ठेवा. तापल्या पत्र्याखाली नको. बॅटरी लेड-ॲसिड असेल तर उलट: पॅनेल आणि कंट्रोलर जोडलेलेच राहू द्या, फक्त दिव्या-पंख्याची तार काढा आणि महिन्यातून एकदा डिस्टिल्ड वॉटरची पातळी बघायला शेजाऱ्याला सांगून जा.